चाळिशीनंतरची मोटोक्रॉस : आधी शॉकअप, मग इंजिन

रायापूर (हुबळी-धारवाड) : हुबळी आणि धारवाडच्या मधोमध, बीआरटीएसच्या रस्त्यावर रायापूरचा औद्योगिक पट्टा लागतो. लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंग अशी कामं करून घ्यायला या भागात लांब जावं लागत नाही. पुढे धारवाडला बेळूर, हुबळीला तारिहाळ आणि गोकुळ रोड, बेळगावला उद्यमबाग, कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगर. गाडीवर हात चालवणारी माणसं या सगळ्या पट्ट्यात आहेत. एकेकाळी यामाहा आरएक्स १०० घेऊन बांधावरून उड्या मारणारी पिढी आज पंचेचाळीस-पन्नासच्या घरात आली आहे. पोरं मार्गी लागताहेत, हप्ते संपत आलेत आणि मातीतली गाडी पुन्हा खुणावू लागली आहे.

अशा माणसाने हलकी डर्ट बाईक घेतली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘इंजिनाला काय करूया?’ खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. हौशी आणि वयाने मोठ्या चालकासाठी गाडी तयार करायचा क्रमच वेगळा असतो. तो उलटा झाला की पैसे जातात, शिवाय मनगट किंवा गुडघाही जातो.

‘व्हेटरन’ म्हणजे कोण?

बेळगावात ‘व्हेटरन’ म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त जवान डोळ्यांसमोर येतात. मोटोक्रॉसमध्ये मात्र हा वयाचा गट आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील लोरेटा लिन रँचवर १९८२ पासून हौशी चालकांची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिथे ३० वर्षांवरील गटाला व्हेट, ४० वरील गटाला सीनियर आणि ५० वरील गटाला मास्टर्स म्हणतात. कॅलिफोर्नियात ग्लेन हेलनच्या ट्रॅकवर होणाऱ्या जागतिक व्हेट स्पर्धेत तर साठी ओलांडलेलेही उतरतात.

भारतात मोटारस्पोर्टचे नियम एफएमएससीआय ही संस्था ठरवते. व्हेटरन गट प्रत्येक स्पर्धेत असतोच असं नाही. त्यामुळे गाडीला पाना लावण्याआधी ज्या स्पर्धेत उतरायचं आहे तिची नियमावली मागवून घ्यावी. कोणत्या गटात काय बदललेलं चालतं, हे त्यातच लिहिलेलं असतं. इंजिन उघडून बसल्यावर नियम वाचला तर उपयोग नाही.

गाडी कोणती?

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये बंद झालं. १०० किलोच्या आसपासची ती टू-स्ट्रोक गाडी आजही मातीत मजा देते, पण चांगली गाडी मिळणं आणि तिचे सुटे भाग परवडणं दोन्ही अवघड झालं आहे.

दुसऱ्या टोकाला कावासाकी केएक्स २५० सारखी खास मोटोक्रॉसची गाडी आहे. वजन ११० किलोच्या आत, पण किंमत सात-आठ लाखांच्या घरात, आणि रस्त्यावर चालवायची परवानगी नाही.

या दोन्हींच्या मधल्या हौशी माणसाला परवडणारी गाडी म्हणजे हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही. पुढे २१ इंची, मागे १८ इंची चाक, सुमारे १९ अश्वशक्ती आणि वजन साधारण १५८ किलो. कावासाकीची केएलएक्स २३० सुद्धा आता आवाक्यात आली आहे. १३९ किलोची ही गाडी डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख ३० हजारांना आली होती. भारतात बनू लागल्यावर तिची किंमत दोन लाखांच्या आसपास उतरली.

एक्सपल्स आणि केएक्स यांच्या वजनात जवळपास ५० किलोचा फरक आहे. म्हणजे सिमेंटचं एक पोतं. ते पोतं पाठीवर घेऊनच उडी मारायची आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आधी वजन उतरवा

यात खर्च जवळपास नाही. आरसे, इंडिकेटर, मागचं कॅरिअर, साडी गार्ड, मागच्या सीटचे फूटरेस्ट, नंबरप्लेटची पट्टी हे सगळं ट्रॅकवर निरुपयोगी आहे. पडल्यावर यातलंच काहीतरी अंगात घुसतं. काढलेला प्रत्येक भाग त्याच्या नट-बोल्टसह पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवावा. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची वेळ येतेच.

बॅटरी काढायचा मोह मात्र टाळावा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ती लागते.

शॉकअप : पट्टीने मोजायचं काम

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. कंपनीने गाडी शहरातला खड्डा, गावाकडचा रस्ता, मागे बसलेलं माणूस हे सगळं धरून बसवलेली असते. पन्नाशीतला ८५ किलोचा चालक बूट, हेल्मेट, गार्ड घालून उडी मारतो तेव्हा तीच स्प्रिंग तळाला आपटते आणि तो दणका थेट मणक्यात जातो.

पहिलं काम म्हणजे ‘सॅग’ मोजणं. गाडीवर बसल्यावर मागचा भाग किती खाली बसतो, तो म्हणजे सॅग. तीन माणसं आणि एक मेजरिंग टेप पुरते.

१) गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत ठेवा. ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. समजा ६०० मिमी आलं.

२) गाडी जमिनीवर सरळ उभी धरा, वर कोणी नको. पुन्हा तेच अंतर मोजा.

३) चालकाने सगळी सुरक्षा साधनं घालून नेहमीच्या जागी बसावं, तिसऱ्याने गाडी धरावी. पुन्हा मोजा.

चालक बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के किंवा थोडा जास्त सॅग हवा. एक्सपल्सचा मूळ मागचा ट्रॅव्हल १७० मिमी आहे, म्हणजे ५० ते ५५ मिमी. रॅली किट बसवलेल्या गाडीत तो २२० मिमी होतो, तिथे ६५ ते ७० मिमी. वरच्या उदाहरणात रॅली किटच्या गाडीवर चालक बसल्यावर अंतर ५२० भरलं तर सॅग ८० झाला. म्हणजे मागून गाडी जास्त बसते. प्रीलोडची चकती आवळत अंतर ५३३ च्या आसपास आणायचं.

इथेच बरेच जण थांबतात, पण खरी परीक्षा पुढे आहे. चालकाचा सॅग बरोबर आला की आता रिकाम्या गाडीचा सॅग पुन्हा मोजा. २२० मिमीच्या ट्रॅव्हलला तो २० ते ३० मिमी असावा. रिकामी गाडी जेमतेम चार-पाच मिमी बसत असेल तर स्प्रिंग त्या चालकाला मऊ आहे, कारण ती वाजवीपेक्षा जास्त आवळावी लागली. उलट रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे. वरवर हे उलटं वाटतं, म्हणून गॅरेजमध्येही यात गफलत होते.

हीरोने २०२० मध्ये आणलेल्या रॅली किटची किंमत सुमारे ३८ हजार रुपये होती. त्यात पुढे २५० आणि मागे २२० मिमी ट्रॅव्हलचं, सेटिंग बदलता येणारं सस्पेन्शन मिळतं. पण एक गोष्ट विसरू नये. अशा सस्पेन्शनसह २०२२ मध्ये आलेल्या रॅली एडिशनची सीट ८८५ मिमी उंच आहे, साध्या गाडीची ८२५. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला सुरुवातीच्या रेषेवर पाय टेकवणं आणि पडलेली गाडी पुन्हा उचलणं, दोन्ही त्या उंचीने अवघड होतं. सगळ्यांनाच उंच गाडी लागत नाही. आपल्या वजनाची स्प्रिंग आणि योग्य फोर्क ऑइल घातलेली कमी उंचीची गाडी अनेकांना जास्त वेगाने नेते.

सेटिंग बदलता येत असेल तर एका वेळी एकच गोष्ट, तीही एक-दोन क्लिक बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी. उडीनंतर मागचा भाग टणकन वर उसळला तर रिबाउंड हळू करायचा. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खालीच दबत गेली तर रिबाउंड जास्त हळू झालेला असतो.

हात भरून येत असतील तर हँडल बघा

पाचव्या-सहाव्या मिनिटाला कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतात, बोटं वळत नाहीत, ब्रेक धरवत नाही. चाळिशीनंतर ही तक्रार सर्रास ऐकू येते. व्यायाम कमी पडतो हे खरं, पण बऱ्याच वेळा दोष हँडलचाही असतो.

मोटोक्रॉसमध्ये बहुतेक वेळ उभं राहून गाडी चालवायची असते. म्हणून उभं राहून माप घ्यावं. हँडल खाली पडत असेल तर रायझर बसवून ते वर आणावं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली वळवावेत, म्हणजे उभं असताना मनगट सरळ राहतं. लिव्हरचे क्लॅम्प अगदी घट्ट आवळू नयेत. पडल्यावर लिव्हर फिरला पाहिजे, तुटता कामा नये. क्लच केबल नवी, तेल सोडलेली आणि दोन बोटांनी ओढता येईल इतकी हलकी असावी.

फूटरेस्ट रुंद आणि दातेरी हवेत, रबर काढून टाकावं. जाड बुटाचं नाक गिअरच्या पायपट्टीखाली जात नसेल तर लांब पायपट्टी लावावी. ही कामं स्थानिक लेथवर, वेल्डिंगवर होतात. पण फूटरेस्टच्या वेल्डिंगवर चालकाचा सगळा भार येतो, त्यामुळे तिथे स्वस्तातला जुगाड नको.

टायर : काळी माती, लाल माती

धारवाड म्हणजे मलनाड आणि सपाट मुलूख यांची हद्द. पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीकडे काळी माती. पश्चिमेला कलघटगी, खानापूरकडे लाल माती. तासाभराच्या अंतरात टायरचा हिशेब बदलतो.

ओल्या काळ्या मातीत जवळजवळ गुटख्या असलेला टायर दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतो. तिथे लांब आणि विरळ गुटख्यांचा टायर हवा, म्हणजे चाक फिरताना चिखल झटकला जातो. चाकाला चिकटून असलेला मडगार्ड वर उचलावा, नाहीतर चिखल अडकून चाकच थांबतं. कडक, वाळलेल्या लाल मातीवर मात्र आखूड आणि दाट गुटख्या जास्त पकड देतात.

हवा रस्त्यापेक्षा बरीच कमी लागते. १५ पीएसआयच्या आसपास सुरू करून ट्रॅक बघून कमी-जास्त करावी. इतक्या कमी हवेत टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जाऊ शकतो, म्हणून रिम लॉक बसवावा. स्पोक दर सरावानंतर तपासावेत.

एबीएसकडेही लक्ष हवं. भुसभुशीत मातीत थोडं घसरणारं चाक पुढे मातीचा ढीग करून थांबतं. एबीएस तेच होऊ देत नाही. २०२३ पासूनच्या एक्सपल्समध्ये रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन पर्याय आहेत.

मग इंजिन

इंजिनवरचा पहिला खर्च एअर फिल्टरवर करावा. उन्हाळ्यातली बारीक धूळ सिलिंडरमध्ये गेली की पिस्टन-रिंगचं आयुष्य संपलं. फोमचा फिल्टर असेल तर प्रत्येक सरावानंतर धुऊन, वाळवून, त्याला फिल्टर ऑइल लावावं. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट न बघता लवकर बदलावं. धुळीतला एक तास रस्त्यावरच्या कित्येक तासांइतका असतो.

ताकद कमी वाटली तर चेन-सॉकेट बदलून बघावं. समजा पुढे १३ आणि मागे ४० दात आहेत. पुढे १२ दातांचं सॉकेट लावलं तर चाकाला साधारण ८ टक्के जास्त ओढ मिळते. टॉप स्पीड घटतो, पण मोटोक्रॉसच्या छोट्या ट्रॅकवर तो लागतोच कुठे? काही हजारांचा सायलेन्सर जे देत नाही, ते काहीशे रुपयांचं सॉकेट देऊन जातं.

रस्त्यावर आणाल तर दंड

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळे पाटी केए-२५ असो, केए-२२ असो की एमएच-०९, हद्द ओलांडली म्हणून सुटका नाही. ट्रॅकची गाडी छोटा हत्तीत घालूनच न्यावी. गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीतलं नुकसान धरत नाही, हेही आधी घरी सांगून ठेवावं.

सरावाची जागाही महत्त्वाची. शेत किंवा माळ असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. खानापूरच्या भीमगड अभयारण्यात किंवा दांडेलीच्या व्याघ्र प्रकल्पात गाडी घालणं म्हणजे सरळ गुन्हा. कर्नाटकात कोलारजवळ बिगरॉक डर्टपार्क आहे. डकार रॅलीत उतरलेले पहिले भारतीय सी. एस. संतोष यांच्याशी जोडलेलं हे ठिकाण लांब असलं तरी वर्षातून एकदा तिथे शिकून येणं गाडीवरच्या कुठल्याही खर्चापेक्षा उपयोगी पडतं.

पैशाचा क्रम

बजेट ठरलेलं असेल तर क्रम असा लावावा. आधी अंगावरचं : ऑफ-रोड हेल्मेट, गॉगल, बूट, गुडघ्याचे आणि छातीचे गार्ड. मग डॉक्टरकडे रक्तदाब आणि हृदयाची तपासणी. त्यानंतर स्प्रिंग आणि शॉकअप, हँडल-फूटरेस्ट, टायर, चेन-सॉकेट. यातून काही उरलं तरच इंजिन.

विशीतला पोरगा हात मोडला तर सहा आठवडे घरी बसतो आणि प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेतो. पंचेचाळिशीतल्या माणसाला सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर ओढायचं असतं, लेथवर उभं राहायचं असतं. रविवारच्या शर्यतीत कितवा नंबर आला यापेक्षा सोमवारी ते शटर स्वतःच्या हाताने उघडता आलं का, यावर गाडी नीट तयार झाली होती की नाही ते कळतं.