एका अहवालाची ४२ वर्षे

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. जगभरच्या अँग्लिकन ख्रिस्ती लोकांमध्ये याहून मोठा मान कुठल्याच धर्मगुरूला नाही. वेल्बींनी कुणा मुलाला हात लावल्याचा आरोप नव्हता. २०१३ साली एका जुन्या छळाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. पोलिसांना कळवलं आहे असं त्यांना सांगण्यात आलं, त्यांनी ते मानलं आणि पुढे काय झालं याचा नेटाने पाठपुरावा केला नाही. त्या चुकीची जबाबदारी त्यांना घ्यावी लागली. आदल्याच आठवड्यात कीथ मेकिन यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला होता. चर्चने हे काम २०१९ मध्ये मेकिन यांच्याकडे सोपवलं होतं. अहवाल ज्याच्याबद्दल आहे तो जॉन स्माइथ मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये केपटाउनला वारला होता. एकाही मुलाच्या छळासाठी त्याला कधी शिक्षा झाली नाही.

चर्चमधल्या मुलांच्या सुरक्षिततेविषयी बोलताना बहुतेकांना अमेरिकेतलं बोस्टन आठवतं. २००२ साली तिथल्या ‘बोस्टन ग्लोब’ने कॅथलिक धर्मगुरूंच्या बदल्यांचा इतिहास बाहेर काढला आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकन बिशपांना डॅलसला बसून नियमावली करावी लागली. ते प्रकरण मोठं आहेच. पण रविवारची शाळा, तरुण संघ, सुट्टीतली शिबिरं अशा कार्यक्रमांत मूल कसं अडकतं आणि भोवतालची सज्जन माणसं गप्प कशी बसतात, हे समजून घ्यायचं तर स्माइथची हकीकत जास्त उपयोगी पडते. त्यात कागद आहेत, तारखा आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर माहीत असूनही थांबलेलं कुणीतरी आहे.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात युअर्न मिन्स्टर नावाचं गाव आहे. ई. जे. एच. नॅश या पाळकांनी १९३०च्या दशकात सुरू केलेली ख्रिस्ती शिबिरं या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिथे बोलावणं असे ते देशातल्या मोजक्या नामांकित बोर्डिंग शाळांतल्या मुलांना. उद्या देश चालवणारी मुलं आज विश्वासात आली तर देशच बदलेल, हा त्यामागचा विचार. खेळ, प्रार्थना, बायबलचा अभ्यास आणि मोठ्या मुलांनी लहानांना दिलेला वेळ, असा शिबिराचा दिवस असे. त्यातून पुढे कित्येक पाळक, बिशप घडले. वेल्बी स्वतः सत्तरच्या दशकात तिथे मदतनीस होते. कित्येकांना या शिबिरांनी आयुष्यभराचा विश्वास दिला, आणि म्हणूनच त्यांचं नाव जपणं सगळ्यांना इतकं महत्त्वाचं वाटलं.

शिबिरं चालवणाऱ्या ट्रस्टचा अध्यक्ष होता जॉन स्माइथ. नावाजलेला बॅरिस्टर, क्वीन्स काउन्सेल. १९७७ साली ‘गे न्यूज’ या पत्रावर धर्मनिंदेचा खटला झाला तेव्हा खटला भरणाऱ्या नीतिप्रचारक मेरी व्हाइटहाउस यांची बाजू त्यानेच मांडली. नीतिमत्तेचा कैवारी म्हणून सगळा देश त्याला ओळखत होता. त्याचं घर विंचेस्टरजवळ होतं. तिथल्या प्रसिद्ध शाळेतली मुलं रविवारी त्याच्याकडे जेवायला जात. मुलं घरापासून लांब बोर्डिंगमध्ये राहणारी, आणि जीव लावणारा हा माणूस मोठा वकील, देवभक्त. शाळेला यात काही वावगं दिसलं नाही, पालकांना तर अभिमानच वाटला असेल.

घराच्या बागेत एक शेड होती. भिंतींतून आवाज बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था त्याने तिला करून घेतली होती. मुलांकडून तो त्यांच्या ‘पापांची’ कबुली घेई आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांना विवस्त्र करून वेताने मारी. रक्त येईपर्यंत, आणि पुढे पुढे एका वेळी शेकडो फटके. हे तुझ्या आत्म्याच्या भल्यासाठी आहे, असं तो त्यांना पटवून देई. मार कायद्याने गुन्हा होताच. पण ज्या श्रद्धेच्या आधाराने ही मुलं त्याच्यापर्यंत आली, तिलाच त्याने हत्यार केलं. शरीरावरच्या जखमा भरल्यानंतरही यातल्या काहींना पुढे कधी शांतपणे प्रार्थना करता आली नसेल, हा विचार मला फार छळतो.

१९८२ मध्ये हे उघडकीला आलं. पुढच्या मारहाणीच्या धास्तीने एका तरुणाने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ट्रस्टच्या लोकांनी केंब्रिजचे पाळक मार्क रस्टन यांना चौकशी करायला सांगितलं. रस्टन यांनी काम चोख केलं. २२ तरुणांचा उल्लेख असलेला, काय घडलं ते स्पष्ट सांगणारा अहवाल त्यांनी लिहिला. तो मोजक्या लोकांनी वाचला. आपण जे वाचतो आहोत तो गुन्हा आहे हे त्यांना कळत होतं. पण पोलिसांकडे कुणीही गेलं नाही. हे बाहेर फुटलं तर देवाच्या कामाची मोठी हानी होईल असं आपल्याला वाटलं होतं, अशी कबुली त्यातल्या एकाने पुढे दिली. विंचेस्टरच्या शाळेलाही कळलं होतं, तिनेही स्माइथला फक्त दूर राहायला सांगितलं. मुलांची अब्रू झाकली जावी अशी काही पालकांची इच्छा होती, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु स्माइथला दिलेला सल्ला काय होता? देश सोडून जा. १९८४ मध्ये तो कुटुंबासह झिंबाब्वेला गेला. तिथे त्याला पैसे पुरवणाऱ्यांत त्याचा इतिहास माहीत असलेली माणसंही होती.

आपल्या मुलांवरचं संकट टळलं यातच इंग्लंडमधली मंडळी समाधानी राहिली. ते संकट कुठे गेलं हे पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही. माझ्या लेखी या सगळ्या हकीकतीतला सर्वांत मोठा अपराध हाच. झिंबाब्वेत स्माइथने ‘झांबेझी मिनिस्ट्रीज’ नावाची संस्था काढली आणि १९८६ पासून तिथल्या चांगल्या शाळांतल्या मुलांसाठी शिबिरं भरवायला सुरुवात केली. धर्तीही युअर्नचीच, फक्त इथे त्याच्यावर कुणाची देखरेख नव्हती. तो मुलांच्याच खोलीत झोपे, त्यांच्याबरोबर विवस्त्र आंघोळ करी आणि टेबल टेनिसच्या बॅटने त्यांना मारी. डिसेंबर १९९२ मध्ये मारोंडेरा इथल्या शिबिरात १६ वर्षांचा एक मुलगा पोहण्याच्या तलावात मृत आढळला.

त्यानंतर बुलावायोतल्या काही पाळकांनी वकील डेव्हिड कोल्टार्ट यांच्याकडे धाव घेतली. कोल्टार्ट यांनी मुलांचे जबाब घेतले, इंग्लंडमधून जुनी माहिती मिळवली आणि १९९३ मध्ये दुसरा अहवाल तयार केला. इंग्लंडमध्ये दहा वर्षांत जे धैर्य कुणी दाखवलं नाही ते या थोड्या लोकांनी दाखवलं, याची नोंद व्हायलाच हवी. स्माइथवर त्या मुलाच्या मृत्यूबद्दल खटलाही उभा राहिला. पण सरकारी वकिलाच्या हितसंबंधांचा मुद्दा निघाला आणि खटला कोलमडला. स्माइथ पुढे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथेही नीतिमत्तेच्या बाजूने न्यायालयांत उभा राहू लागला.

२०१२-१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका पीडिताने तोंड उघडल्यावर प्रकरण चर्चच्या वरिष्ठांपर्यंत गेलं. इलीच्या धर्मप्रांतातून केपटाउनला पत्र गेलं, पोलिसांशी त्रोटक बोलणं झालं, आणि त्यानंतर प्रत्येकाने ‘बाकीचं दुसरा कुणीतरी पाहील’ असं मानलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘चॅनल ४’ वाहिनीने बातमी दिली तेव्हा कुठे हँपशरच्या पोलिसांनी तपास हाती घेतला. तोवर चार वर्षं गेली होती, आणि स्माइथ आणखी दीड वर्षच जगला. २०१३ मध्ये इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांच्या पोलिसांकडे रीतसर तक्रार करता आली असती आणि ती करायलाच हवी होती, असा मेकिन यांचा निष्कर्ष आहे. इंग्लंड आणि आफ्रिका मिळून किमान ११५ मुलं आणि तरुण त्याचे बळी ठरले, असं त्यांचा अहवाल सांगतो. त्यातले बहुसंख्य आफ्रिकेतले, म्हणजे १९८२चा अहवाल कपाटात गेल्यानंतरचे.

या काळात नियम तयार होत नव्हते असं नाही. डॅलसच्या सनदेने अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांची पार्श्वभूमी तपासणं, प्रशिक्षण आणि दरवर्षीची तपासणी आणली. इंग्लंडमध्येही धर्मप्रांतागणिक मुलांच्या सुरक्षेसाठी अधिकारी नेमले गेले. आज जगातल्या बऱ्याच चर्चमध्ये हे नियम दिसतात: मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत, मोठ्यांची झोपायची खोली वेगळी हवी, बंद दाराआड समुपदेशन नको, मुलाशी खासगी पत्रव्यवहार किंवा फोनवरचे संदेश नकोत, पालकांना न सांगता मुलाला घरी नेणं नको. हे नियम स्माइथच्या गोष्टीसमोर ठेवून पाहिले की त्यांचं मोल कळतं. रविवारचं जेवण, बागेतली शेड, मुलांच्या खोलीतला पलंग, एकत्र आंघोळ, यातल्या प्रत्येक वाटेवर या साध्या नियमांपैकी एखादा आडवा आला असता.

पार्श्वभूमीच्या तपासणीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आपल्याकडेही ‘पोलीस व्हेरिफिकेशन केलं’ म्हटलं की पालक निश्चिंत होतात. स्माइथची तपासणी १९८६ मध्ये केली असती तर काय सापडलं असतं? एक ख्यातनाम वकील. त्याच्या नावावर गुन्ह्याची नोंदच नव्हती, कारण ज्यांना माहीत होतं त्यांनी ती होऊ दिली नाही. तक्रार पोलिसांत गेलीच नाही तर पडताळणीचा दाखला नुसता कोरा कागद राहतो. म्हणून सगळ्या नियमांच्या आधी एकच नियम येतो: कळलं की कळवायचं, आणि संस्थेच्या बाहेर कळवायचं.

इथे भारताचा कायदा इंग्लंडच्या पुढे होता. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती अधिक कडक, एक वर्षापर्यंत कैदेची. पाळक, फादर, शाळेचे व्यवस्थापक, शिबिराचे प्रमुख सगळे यात येतात. इंग्लंडमध्ये असा कायदा करावा अशी शिफारस तिथल्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये केली.

कायदा असून आपण काय केलं, तेही पाहायला हवं. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलावर तिथल्या धर्मगुरूने अत्याचार केला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, बीबीसीने मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांना विचारलं तेव्हा अशी प्रकरणं आपल्याला अधिक चांगल्या रीतीने हाताळता आली असती असं त्यांनी मान्य केलं. त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये मुलांच्या संरक्षणावर जी परिषद भरली, तिच्या चार संयोजकांत ते होते. गोवंडीच्या त्या मुलाला शिक्षेचा निकाल ऐकायला सहा वर्षं लागली.

आपल्याकडे गप्प राहण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मी हलकं मानत नाही. ख्रिस्ती समाज इथे अल्पसंख्य आहे. चर्चवर, शाळांवर, प्रार्थनासभांवर आधीच संशयाने बोट दाखवलं जातं. अशा वेळी आपल्याच फादरविरुद्ध, आपल्याच पाळकाविरुद्ध पोलिसांत गेलं तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती घराघरांत बोलली जाते. ही भीती खरी आहे. पण १९८२ मध्ये रस्टन यांचा अहवाल वाचणाऱ्यांनीही कामाची बदनामी टाळण्यासाठीच तो मिटला होता, आणि अखेर त्या मौनानेच त्यांच्या चर्चची सर्वांत मोठी बदनामी केली. शिवाय आपल्या समाजाच्या प्रतिष्ठेची किंमत १३ वर्षांच्या मुलाने का मोजावी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेपुढे प्रस्ताव आला होता की मुलांच्या सुरक्षेचं सगळं काम चर्चच्या हातातून काढून स्वतंत्र संस्थेकडे द्यावं. महासभेने तो तूर्त पूर्णपणे स्वीकारला नाही, मधला मार्ग निवडला. पीडितांपैकी अनेकांना त्याचा राग आला. मला तो राग योग्य वाटतो. या ४२ वर्षांत जे काही उघड झालं ते पीडितांनी, बुलावायोतल्या पाळकांनी, बाहेरच्या वकिलांनी आणि पत्रकारांनी उघड केलं. चर्चने स्वतःहून दार उघडल्याचा एकही टप्पा या कहाणीत सापडत नाही.

आपल्या मंडळीत किंवा धर्मग्रामात मे महिन्यातली बायबल शाळा भरते, तरुण संघ पाचगणीला, खंडाळ्याला शिबिराला जातो. पुढच्या वेळी मुलाचं नाव देण्याआधी आयोजकांना विचारा: रात्री मुलांच्या खोल्यांत कोण असेल, एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहणार नाही याची सोय काय, आणि तक्रार आली तर ती पोलिसांकडे कोण नेणार? उत्तर लेखी मागा, आणि ते मिळालं नाही तर मुलाला पाठवू नका. मुलाने काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि पाळकांना भेटायला जाण्याआधी १०९८ला फोन लावा.