तीन नंबरची कॉइल

बॉनेट वर होतं आणि आधी वास येतो. तापलेल्या ऑइलचा नव्हे, उंदराच्या मुताचा. मिस्त्री मागं सरकतो, कपाटातून रबरी हातमोजे काढून चढवतो. "हाताला एक चीर आसली तरी लेप्टो हुतो म्हंत्यात," माझ्याकडं बघत म्हणतो आणि मग मान आत घालतो.

पेठ नाक्याच्या अलीकडं, सर्व्हिस रोडला लागून पत्र्याचं शेड आहे. वर 'ऑटो इलेक्ट्रिकल्स'चा उडालेला बोर्ड. जानेवारीतली सकाळ, कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात आणि पाचटाच्या काड्या शेडपर्यंत उडत येतात. माझ्या स्कूटरचा हॉर्न वाजत नाही म्हणून मी बाकड्यावर बसलोय. नंबर दुसरा आहे. पहिला नंबर हायस्कूलच्या एका सरांचा. पेट्रोलवरची छोटी गाडी, फारशी जुनी नाही.

सरांच्या घराला लागून उसाचं रान आहे, तिथं परवाच तोड झाली. "फड तुटल्यावर उंदरानं जायचं कुठं?" मिस्त्री आतूनच विचारतो. उभ्या उसात त्याला सावली, ओल आणि गोड कांडी असते. कोयता फिरतो, मागोमाग पाचट पेटतं आणि तो उघड्यावर येतो. थंडीत शेजारीच गाडी उभी असते, संध्याकाळी चालून आलेली, इंजिन अजून कोमट. आत वारा लागत नाही आणि मांजराचा पंजाही पोचत नाही.

सकाळी गाडी सुरू झाली ती थरथरतच. मिसिंग करते, पिकअप घेत नाही, चेक लाइट लुकलुकतोय, एबीएसचा दिवाही पेटलाय. सर तशीच चालवत इथवर आलेत. आदल्या गाडीच्या वेळी मोठ्या सर्व्हिस सेंटरनं "अख्खं वायरिंग बदलावं लागेल" म्हणून पाच आकडी रक्कम सांगितली होती, त्यामुळं ते तिकडं फिरकलेच नाहीत.

मिस्त्री स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. पी ०३५३. "तीन नंबरची कॉइल." सरांचा चेहरा पडतो, कॉइल महाग असते. मिस्त्री मात्र कॉइल मागवत नाही. दोन नंबरची काढून तीनवर बसवतो, तीनची दोनवर, कोड पुसतो, गाडी सुरू करतो. कोड पुन्हा तीनचाच. "कॉइल चांगली हाय. बिघाड वायरीत."

मग सरांना झाडणं सुरू होतं. "लाइट लुकलुकाय लागला की गाडी जाग्यावर उभी करायची सर. इंजेक्टरची वायर तुटली आसती तर पेट्रोलच पडलं नसतं. हितं पेट्रोल पडतंय, ठिणगी न्हाई. ते तसंच फुडं जातं आनि सायलेन्सरच्या कॅटॅलिटिकमदी जळतं. त्यो भाग लालबुंद हुतो. वायर शंभरात हुती, त्यो हुत नाय." सर वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखे गप्प ऐकून घेतात.

कॉइलच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावला की बारा व्होल्ट येतात, अर्थही मिळतो. राहिली सिग्नलची वायर. हाताखालचा पोरगा, बारक्या, गाडीच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढतो. मिस्त्री ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कपलर सोडवून मीटरची एक टोचणी तिथं ठेवतो, दुसरी कॉइलच्या टोकाला. मीटर बीप करत नाही. म्हणजे या दीड-दोन हातांत कुठंतरी वायर तुटलीय, आणि ती जागा कुठलाच स्कॅनर दाखवत नाही. इथून पुढचं काम बोटांचं आणि बॅटरीच्या उजेडाचं. जोड मारायला दहा मिनिटं लागतात, जागा सापडायला अर्धा दिवसही जातो. अख्खा संच बदला म्हणणारे हा अर्धा दिवस वाचवत असतात, मालकाच्या पैशानं.

वायपरखालचं प्लास्टिक निघतं आणि घरटं दिसतं. बॉनेटच्या आतला फेल्ट पिंजून केलेली गादी, पाचट, शेंगांची टरफलं, बिस्किटाच्या पुड्याचा चमकता कागद. राहणारा पसार झालाय. मिस्त्री सगळं कोरडंच झाडत नाही. आधी फिनेलचं पाणी मारतो, मग प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करतो. घरट्यामागं वायरींवरची काळी पन्हाळीदार नळी फाडलेली आहे आणि आत तीन वायरी उघड्या पडल्यात. एक पुरती तुटलीय, एकीच्या दोन-तीनच तारा धरून आहेत, तिसरीचं फक्त कातडं गेलंय. दातांच्या खुणा जोडीनं, छिन्नीनं मारल्यासारख्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि त्यांना कठीण कवच फक्त पुढच्या बाजूनं असतं. मागची बाजू लवकर झिजते, म्हणून धार आपोआप लागत राहते. कुरतडलं नाही तर त्याचंच तोंड त्याला पुरं पडायचं नाही.

"नव्या वायरी सोयाबीनपासून करतात म्हणे, म्हणून खातात," सर मोबाइल पुढं करतात. अमेरिकेत गाड्यांचे मालक याच मुद्द्यावर कोर्टात गेलेत, हे खरं. मिस्त्री मान वर न करता म्हणतो, "जुन्या ट्रॅक्टरची वायर कसली सोयाबीनची? ती बी खात्यात." मला त्याचं पटतं. ज्याला दात झिजवायचेत तो चव बघत बसत नाही.

तुटलेल्या टोकाचं तांबं काळं पडलंय. मिस्त्री ते मागं मागं कापत जातो, लालसर चकाकी दिसेपर्यंत. काळ्या तांब्याला डाग धरत नाही. मधे त्याच जाडीचा तुकडा घालतो. बारक्या तारा एकमेकींत विणून सोल्डर वितळवतो, धूर निघतो, जोड चकचकीत होतो. "स्लीव्ह?" मिस्त्री विचारतो. बारक्या जीभ चावतो. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची असते, जोड मारल्यावर ती कुठून घालणार? जोड पुन्हा तुटतो. शिव्या सौम्य आहेत, सर समोर आहेत म्हणून.

मिस्त्री जोड एका रेषेत येऊ देत नाही, पुढं-मागं ठेवतो. चुकून स्लीव्ह फाटली तरी तांब्याला तांबं लागू नये. सोल्डरनं वायर तिथं ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीनं नेमकी त्याच्याशेजारी मोडते, म्हणून दोन्ही बाजूंनी कापडी टेप मारून हलणार नाही अशी बांधतो.

एबीएसची जोडी पुढच्या डाव्या चाकाजवळ सापडते. या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बारक्या त्या सरळ जोडून मोकळा होतो. मिस्त्री पुन्हा पीळ घालतो. चाकाकडून येणारा सिग्नल बारीक, आणि कॉइलसारखा गोंगाट करणारा शेजार. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडतो आणि वजा होतो. नंतर तो पेट्रोलच्या पाइपावरून उजेड फिरवतो, बोट ओढतो, वास घेतो. तिथं दात लागलेले नाहीत. काच धुवायच्या पाण्याची नळी मात्र कुरतडलेली आहे. ती बदलायला मिनिटही लागत नाही.

"इन्शुरन्समध्ये बसेल का?" सरांचा प्रश्न. नुसती थर्ड पार्टी असेल तर विषयच नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत उंदराचं नुकसान बहुधा धरतात, पण गाडीला हात लावायच्या आधी सर्व्हेअरला दाखवावं लागतं. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये मालकाचेच, झिरो डेप नसेल तर रबर-प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच मिळतात, आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस एका क्लेमनं शून्यावर येतो. अख्खं वायरिंग गेलं तर क्लेम करावा. तीन-चार जोडांसाठी सर करणार नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसतं.

आता उपायांची पाळी. डांबरगोळ्या? इंजिन तापलं की वास ब्लोअरमधून आत येतो आणि माणसंच गाडीतून उतरतात. औषध? "खाऊन त्यो एसीच्या डक्टात जाऊन मरंल, मग डॅशबोर्ड सोडा." होंडा मिरचीचा तिखटपणा असलेली टेप विकते, ती इथं कोण आणणार? मिस्त्री तंबाखूचं अख्खं पान तारेनं बांधतो, पण स्वतःच सांगतो, "आठवडाभर चालतंय. वास गेला की परत हजर." खरा भरवसा त्याचा जाळीवर. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत शिरतो, म्हणून केबिन फिल्टरच्या हवेच्या वाटेवर मिस्त्री बारीक लोखंडी जाळी कापून बसवतो. आणि गाडी भिंतीला, उसाला चिकटून लावायची नाही. रोज बॉनेट उघडून बघायचं.

चावी फिरते. इंजिन एका सुरात चालतं, एबीएसचा दिवा विझतो. मिस्त्री स्कॅनरवर मिसफायरचा आकडा शून्यावर थांबलेला बघतो, तरी गाडी बंद करू देत नाही. पंखा लागेपर्यंत चालू ठेवतो. सर पैसे मोजतात, बिल मागत नाहीत.

मी उठून स्कूटर पुढं घेतोय, तेवढ्यात ट्रॉल्यांसकट एक ट्रॅक्टर शेडसमोर थांबतो.

"मिस्त्री, ट्रॉलीचा मागला लाइट बगा की. आरटीओवाला उभा हाय फुडं."

"उंदरानं खाल्ला का?"

"न्हाई वो. बसवायचाच राह्यलाय."