बंदराचा काठ कोणाचा?

शहरांच्या संदर्भात 'पुनरुज्जीवन' हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. जुन्या बंदराच्या काठावर उपाहारगृहे आली, दिव्यांच्या माळा लागल्या, सुट्टीच्या दिवशी गर्दी जमली, की ते शहर पुन्हा जिवंत झाले असे जाहीर होते. पुन्हा जिवंत झाले म्हणजे आधी मेलेले होते, हे त्यात गृहीत असते. मग प्रश्न असा की, मेले होते ते नेमके काय? तिथे राबणारी माणसे तर मेलेली नव्हती. ती त्या काठापासून दोन-अडीच मैलांवर राहत होती आणि आजही राहतात.

अमेरिकेतील बाल्टिमोर या शहराचा दाखला घेऊन मला या शब्दाची फोड करायची आहे. या शहराने बंदर सजवण्याचा जो नमुना घालून दिला तो जगभर गिरवला गेला. सिडनीचे डार्लिंग हार्बर हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्या गुलामीचा एक मोठा बाजार याच बंदराच्या काठावर भरत होता.

बाल्टिमोरच्या मध्यवस्तीत शिरलेल्या पाण्याला आज 'इनर हार्बर' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्याला 'बेसिन' म्हणत. काठालगतच्या प्रॅट स्ट्रीटच्या परिसरात गुलामांच्या व्यापाऱ्यांचे कोंडवाडे होते. मेरीलँडच्या शेतांवरून विकत घेतलेली काळी माणसे तिथे डांबली जात आणि जहाजात भरून दक्षिणेत न्यू ऑर्लीन्सला विकायला पाठवली जात. फ्रेडरिक डग्लस लहानपणी जवळच्याच फेल्स पॉइंट या वस्तीत गुलाम म्हणून राहत होते. रात्रीच्या वेळी बंदराकडे हाकलल्या जाणाऱ्या माणसांच्या साखळदंडांचा आवाज आपण अंथरुणात पडून ऐकत असू, असे त्यांनी १८५२ सालच्या गाजलेल्या भाषणात सांगितले आहे. पुढे ते गोदीत जहाजांच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे काम शिकले. घाम त्यांचा आणि मजुरी मालकाच्या खिशात, असा तो व्यवहार होता. १८३८ च्या सप्टेंबरात खलाशाचा वेष करून ते या शहरातून निसटले.

गुलामी कायद्याने संपली तरी काठ काळ्या कामगारांचा झाला नाही. १८६५ साली गोऱ्या कामगारांनी संप करून हजाराहून अधिक काळ्या कामगारांना गोद्यांतून हुसकून लावले. तेव्हा आयझॅक मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या समाजातून पैसा उभा करून १८६८ साली स्वतःचीच गोदी काढली. तिथे तीनशेच्या आसपास काळे कामगार काम करीत. ही गोदी १८८४ पर्यंत चालली. नोकरीची याचना न करता काठाच्या मालकीत वाटा मिळवण्याचा हा प्रयत्न होता. म्हणून माझ्या मते बाल्टिमोरच्या बंदराचे खरे पुनरुज्जीवन कोणी पहिल्यांदा केले असेल तर ते या माणसांनी.

विसाव्या शतकात या शहराने वस्त्यांच्या विलगतेचे शास्त्रच उभारले. १९१० साली बाल्टिमोरने काळ्यांनी कुठल्या गल्लीत राहावे आणि गोऱ्यांनी कुठल्या, हे ठरवणारा कायदा केला. अमेरिकेतील शहरात असा कायदा प्रथमच होत होता. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द ठरवले. पण गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी कायदाच लागतो असे नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. अशा वस्त्यांना घरकर्ज मिळेनासे झाले. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही, असे हे चक्र. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला. जहाजे मोठी झाली, कंटेनर आले, मालाची चढउतार खाडीच्या मुखाकडे सरकली आणि जुने धक्के ओस पडले. १९५० साली ९,४९,७०८ लोकसंख्या असलेले शहर २०२० साली ५,८५,७०८ वर आले. यात काळ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे.

सजावटीचा काळ सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरात आगडोंब उसळला होता. दुरावलेल्या वस्त्या एकत्र याव्यात म्हणून १९७० साली शहराची जत्रा भरवण्यात आली. निरनिराळ्या वस्त्यांतील लोकांनी आपापली दालने मांडली. लोक मध्यवस्तीत यायला तयार आहेत हे त्यातून दिसले. मग १९८० साली जेम्स राउस या विकासकाने पाण्याकाठी 'हार्बरप्लेस' ही दुकानांची व खाद्यगृहांची दोन दालने उघडली. १९८१ साली राष्ट्रीय मत्स्यालय आले, १९९२ साली जवळच बेसबॉलचे मैदान. काठावर 'कॉन्स्टेलेशन' हे १८५४ सालचे लढाऊ गलबत पाहायला मुलांच्या सहली येतात. या गलबताने १८६० साली आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक गुलामवाहू जहाज पकडून ७०५ माणसे सोडवली. ज्या अमेरिकी शासनाचे आरमार समुद्रावर गुलामांची जहाजे पकडत होते, त्याच शासनाच्या कायद्याखाली या धक्क्यावरचा गुलामांचा व्यवहार मात्र वैध होता.

या काठावर आनंद आहे आणि तो खोटा नाही. लेकरांना घेऊन आलेली काळी कुटुंबेही तिथे दिसतात. २००५ साली प्रॅट स्ट्रीटवर मेरीलँडच्या काळ्या लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले आणि २००६ साली फेल्स पॉइंटला डग्लस व मायर्स यांच्या नावाने जहाजबांधणीचे संग्रहालय झाले. २०२४ च्या जूनमध्ये तर सुमारे दीडशे माणसांनी जाहीरपणे या पाण्यात उड्या मारल्या. चाळीसहून अधिक वर्षे तिथे असे सार्वजनिक पोहणे झाले नव्हते. मी हे सारे मोलाचे मानतो. पण कार्यकर्त्याने आनंदाचाही हिशेब मागितला पाहिजे.

या काठावर सार्वजनिक पैसा कसा ओतला जातो, हे समजून घेण्याजोगे आहे. नगरपालिका रोखे काढते आणि त्या पैशातून विकासकाच्या जमिनीवर रस्ते, उद्याने, गटारे करून देते. पुढे जमिनीची किंमत वाढली की वाढीव कर शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता ते रोखे फेडण्यात जातो. २०१६ साली पोर्ट कव्हिंग्टन या काठच्या प्रकल्पासाठी अशा ६६ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी मिळाली. वस्तीतील शाळेच्या गळक्या छपराला जो पैसा मिळू शकला असता, तो कित्येक वर्षे काठालाच बांधला जातो.

आता मजुरी पाहा. दिवसभर काम करूनही पोट भरत नाही म्हणून माणसे मोफत अन्नछत्रात येतात, हे चर्चच्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या चळवळीमुळे १९९४ साली बाल्टिमोरने शहराच्या कंत्राटी कामगारांना जगण्यापुरते वेतन देण्याचा कायदा केला. अमेरिकेत तो पहिलाच मानला जातो. तरी बेसबॉलचे मैदान झाडणारे रोजंदारी कामगार त्याबाहेर राहिले. त्यांनी आपली संघटना बांधली, उपोषणाचा इशारा दिला आणि २००७ साली वेतन मिळवले. खेळाचे कौतुक करणाऱ्यांना खुर्च्यांखालचा कचरा उचलणारा दिसत नाही. झाडूचे राजकारण जातीच्या देशात जन्मलेल्या माणसाला चटकन कळते.

आणि मागे राहिलेल्या वस्त्या? १९६० च्या दशकात शहरातून महामार्ग न्यायचे ठरले. फेल्स पॉइंटसारख्या काठच्या जुन्या वस्त्या आंदोलनाने वाचल्या. त्याच आज पर्यटकांच्या आवडीच्या आहेत. पश्चिमेच्या काळ्या वस्तीत मात्र घरे पाडली गेली, सुमारे दीड हजार माणसे उठवली गेली, आणि रस्ता अर्धवटच राहिला. लोक त्याला 'कुठेच न जाणारा महामार्ग' म्हणतात. लॉरेन्स ब्राउन या अभ्यासकाने शहराच्या नकाशाला 'काळे फुलपाखरू' असे नाव दिले आहे: दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरलेल्या काळ्या वस्त्या, आणि मधून काठापर्यंत उतरणारा गोरा, संपन्न पट्टा. २०१५ च्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या पंखातील फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मेला. शहर पेटले, संचारबंदी लागली, आणि काठाजवळच्या त्या मैदानात २९ एप्रिलला प्रेक्षकांविना सामना खेळला गेला. त्या रिकाम्या खुर्च्यांनी पुनरुज्जीवनाची मर्यादा सांगून टाकली.

हार्बरप्लेसची गोष्टही तिथेच थांबली नाही. दुकाने बंद पडत गेली, २०१९ साली ती मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्या जागी निवासी इमारतींना वाव देणारी दुरुस्ती मतदारांनी मंजूर केली. या वेळचा विकासक स्वतः काळा आणि याच शहरातला आहे. ही घटना मी क्षुल्लक मानत नाही. पण एक माणूस वर गेल्याने समाजाची मालकी सिद्ध होते काय, हा प्रश्न आपल्याकडच्या राखीव जागांच्या चर्चेइतकाच तिथेही लागू आहे.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा लढा पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा होता. आज बाल्टिमोरच्या काठावर जायला कायदा कोणालाही अडवत नाही. इथून पुढचा लढा वाट्याचा आहे आणि तो अधिक अवघड आहे, कारण यात अडवणारा हात दिसत नाही. मुंबईच्या गिरणगावाने हे अनुभवले आहे. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला आणि सार्वजनिक घरांना द्यायचे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरवला. एका शब्दाच्या फेरफाराने माणसांच्या वाट्याचे एकरच्या एकर गेले.

म्हणून माझे सांगणे असे की, आपल्या शहरात नदीकाठ किंवा बंदर सजवण्याची योजना जाहीर होईल तेव्हा कार्यकर्त्यांनी चित्रे पाहत बसू नये; चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणाच्या नावावर राहणार? वाढीव कर कुठे जाणार? झाडणाऱ्या, वाढणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसाला वेतन किती आणि ते कायम आहे काय? इथून उठवलेली माणसे कुठे गेली? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात न्यावेत आणि विद्यार्थ्यांनी ते घेऊन नगरपालिकेच्या दारात जावे. उत्तरे कागदावर मिळत नाहीत तोवर त्या योजनेला सुशोभीकरण म्हणावे. पुनरुज्जीवन हा शब्द आपण मायर्सच्या गोदीसाठी राखून ठेवू.