अध्यक्षाला जाब कोण विचारणार?

‘एका खंबीर माणसाच्या हाती पाच वर्षे सत्ता द्या, मध्ये कुणी बोलू नका, मग बघा देश कसा सुधारतो,’ असे माझ्या वर्गातला एखादा विद्यार्थी दरवर्षी म्हणतो. तो बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, याचे मला अधिक वाईट वाटते. खंबीर माणसाचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावच्या पाटलाला मध्ये बोललेले कधीच खपत नव्हते. पण तालुक्याच्या कॉलेजात शिकवताना चिडून भागत नाही. म्हणून मी त्याला अमेरिकेच्या अँड्र्यू जॉन्सनची हकिकत सांगतो.

एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला आणि उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाला. हा गरिबीतून वर आलेला शिंपी. दक्षिणेतल्या बड्या मळेवाल्यांविषयी त्याच्या मनात राग होता, परंतु काळ्या माणसाला आपल्या बरोबरीने बसवण्याची त्याची तयारी नव्हती. (खालून आलेला माणूस खालच्यांचाच असतो, हा भ्रम आपण किती काळ बाळगणार?) त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मनच्या हुकमाने दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवली होती. कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसे तिथे वसली, पेरणीला लागली. मे महिन्यात जॉन्सनने बंडखोरांना माफीचा जाहीरनामा काढला. गुलाम सोडून बाकी मालमत्ता परत मिळेल, असे त्यात होते. बड्या धनिकांनी मात्र वेगळा अर्ज करायचा होता. अर्ज आले, माफ्या सुटल्या, आणि शरद ऋतूत जमिनी जुन्या मालकांना परत करण्याचा हुकूम निघाला.

ऑक्टोबरात जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावर पाठवले ते ही बातमी सांगायला. तिथल्या माणसांनी त्याला लेखी उत्तर धाडले. मालकांना क्षमा करा, असे तुम्ही सांगता. युद्धात तुमचा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने आम्हाला झाडाला बांधून फटके मारले आणि आता जमीनही हिरावली त्याला आम्ही कशी क्षमा करावी, अशा आशयाचे ते पत्र आहे. अध्यक्षालाही त्यांनी अर्ज केला. जमीन गेली ती गेलीच.

आता राज्यपद्धतीकडे पाहा. एप्रिल ते डिसेंबर १८६५ अमेरिकेची काँग्रेस भरलेलीच नव्हती. हे आठ महिने जॉन्सनला जाब विचारणारे सभागृह अस्तित्वात होते, पण बसलेले नव्हते. आणि बसले असते तरी अध्यक्ष त्या सभागृहाचा सभासद नाही, तो तिथे उत्तर द्यायला येत नाही, आणि अविश्वासाच्या ठरावाने त्याला घालवता येत नाही. काँग्रेसने १८६६ मध्ये नागरी हक्कांचा कायदा केला, जॉन्सनने नकाराधिकार वापरला, काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढला. एवढे बळ दरवेळी कुठून आणायचे?

राहिला महाभियोग. फेब्रुवारी १८६८ मध्ये प्रतिनिधिगृहाने तो १२६ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. एक मत कमी पडले आणि जॉन्सन सुटला. पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अकरा आरोपांपैकी बहुतेक आरोप सिनेटची संमती न घेता युद्धमंत्र्याला काढल्याचे होते. एडिस्टोच्या जमिनीचा त्यात आरोप नव्हता. महाभियोगाला गुन्हा लागतो. वाईट धोरण हा गुन्हा ठरत नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कुठल्या अध्यक्षाला नव्हे, हे इथे सहज आठवते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न घेतला. कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी. दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अमेरिकेत जबाबदारीची तपासणी ठराविक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत ती रोजही होते: प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वासाचा ठराव यांच्या द्वारे. भारतासारख्या देशात रोजची तपासणी अधिक आवश्यक आहे, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली. ज्याची जमीन ऑक्टोबरात जाते त्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबा म्हणणे किती क्रूर आहे, हे त्यांना सांगावे लागणार नव्हते.

परंतु एवढ्यावर आपण समाधान मानले तर फसू. रोजची तपासणी करणारा सभासद मोकळा हवा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याची जागा जाऊ शकते, अशी तरतूद झाली. घोडेबाजार थांबवण्यासाठी ती आली, हे खरे. पण राखीव जागेवर निवडून गेलेला आपला खासदारही त्याच आदेशाने बांधला गेला.

सप्टेंबर २०२० च्या संसद अधिवेशनात कोरोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. लेखी उत्तरे तेवढी मिळत होती. त्याच वर्षी टाळेबंदीत हजारो मजूर पायी गावाकडे निघाले होते; आमच्या वस्तीतलेही त्यांत होते. वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले, या लोकसभेतल्या प्रश्नाला सरकारने लेखी उत्तर दिले, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. का ठेवली नाही, असा पुरवणी प्रश्न उभे राहून मंत्र्याला विचारण्याची सोय त्या अधिवेशनात नव्हती.