तलावाकाठची न्हाणी

पोहण्याच्या तलावापाशी गेलं की एक झोंबरा वास नाकात शिरतो. आपण मनात म्हणतो, 'वा, क्लोरीन चांगलं घातलंय, पाणी स्वच्छ असणार.' मीही निम्मं आयुष्य हेच समजत होतो. खरी गोष्ट नेमकी उलटी निघाली. स्वच्छ पाण्यात योग्य मात्रेत घातलेल्या क्लोरीनला फारसा वास येतच नाही. तो वास येतो ट्रायक्लोरामाइनचा, आणि हे रसायन कुणी पिंपातून ओतत नाही. ते आपण पोहणारेच तयार करतो.

क्लोरीन जंतूंवर तुटून पडतं, तसंच माणसाच्या अंगावरून आलेल्या ऐवजावरही. घामात आणि लघवीत युरिया असतो. क्लोरीन त्याच्याशी झटापट करतं, त्यातून क्लोरामाइन्स तयार होतात आणि त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात न टिकता हवेत उडतं. डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे. शिवाय या झटापटीत खर्ची पडलेलं क्लोरीन जंतूंसाठी उरत नाही, ते वेगळंच.

लघवी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडलं असेल, पण कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2017 साली ती चक्क मोजली. कशी? शीतपेयांत घालतात त्यातली एक कृत्रिम साखर, एसेसल्फेम पोटॅशियम, शरीरात पचत नाही; जशी प्यावी तशी बाहेर पडते. तलावाच्या पाण्यात ती किती सापडते यावरून त्यांनी हिशेब मांडला. 8 लाख 30 हजार लिटरच्या एका तलावात 75 लिटर लघवी निघाली!

हे सगळं मला आठवलं ते अलिबागजवळ मामेभावाच्या वाडीत. त्याने घरामागे 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद तलाव बांधला. सुमारे 40 हजार लिटर पाणी. कॅनडाचंच प्रमाण धरलं तर त्यात साडेतीन लिटर... मी हा हिशेब जेवताना सांगायला नको होता. पण वहिनी आधीपासूनच वैतागली होती. पोरं ओल्या अंगाने बाथरूमसाठी घरात धावायची, जिन्यापर्यंत पाण्याचे ठिपके. आणि ज्यांना धावायचा कंटाळा, ते धावत नसणार, हे उघड होतं. ठरलं: तलावाशेजारी एक न्हाणी बांधायची. एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला बिनछताचा शॉवर.

पोहण्याआधी मिनिटभर नुसत्या पाण्याखाली उभं राहिलं, तरी अंगावरचा बराचसा घाम आणि मळ निघून जातो. म्हणजे हा शॉवर तलावाच्या फिल्टरचाच पहिला टप्पा, फक्त माणसांना लावलेला. नगरपालिकेच्या तलावावर पाटी असते, 'पोहण्यापूर्वी स्नान करा'. आपण केसांवर चार थेंब उडवून सटकतो.

काम सुरू झालं आणि प्लंबर म्हणाला, 'साहेब, नहाणी ट्रॅप कुठे बसवू?' मी हरखलोच. जमिनीतल्या त्या जाळीखालच्या भांड्याला सरकारी बांधकामाच्या कागदपत्रांतसुद्धा हेच नाव आहे. आपली न्हाणी इंग्रजी लिपीत जाऊन बसली आणि कुणाला पत्ता नाही! या भांड्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहतं. तेवढंसं पाणी खालच्या गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरतं. ना झाकण, ना स्प्रिंग. नळी वाकवून पाणीच दारवान म्हणून उभं करण्याच्या याच युक्तीचं शौचकुपासाठीचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं होतं. फक्त सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरात या दारवानाचा एक दोष कळतो: तो वाळतो. म्हणून माळीकाका आता आठवड्याला एक तांब्या पाणी ओततात.

खड्डे खणायच्या वेळी भाऊ म्हणाला, 'तोवर तलाव रिकामा करून घासून टाकू.' जून तोंडावर आला होता. गवंडी ठाम होता, 'आत्ता नको, दादा. टाकी वर येईल.' मी हसणार होतो. पण कोकणच्या पावसात भूजल चढलं की रिकामा तलाव म्हणजे जमिनीत रुतलेली होडी. तळाच्या वर मीटरभर जरी पाणी चढलं तरी 32 चौरस मीटरच्या तळाला ते 32 टनांनी वर रेटतं. काँक्रीटचं वजन तेवढं नसेल, तर तलाव खरोखर उचलला जातो. भरलेला तलाव मात्र आतल्या पाण्याच्या वजनाने जागेवर बसून राहतो. आर्किमिडीज आमच्या गवंड्याने वाचला नव्हता. बहुधा कुणाची तरी टाकी वर आलेली पाहिली होती.

संडासाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून दूरच्या शोषखड्ड्यात गेलं. शॉवरचं पाणी केळीच्या आळ्यात, जसं आजीच्या न्हाणीचं अळूत जायचं.

शेवटी सुताराने विचारलं, दार कुठल्या अंगाला? मला मोहेंजोदडो आठवलं. तिथलं महास्नानगृह सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद; पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर. वय साडेचार हजार वर्षांच्या घरात. त्याच्या उत्तरेला लागूनच आठ छोट्या न्हाण्यांच्या दोन रांगा आहेत, मधल्या बोळात सांडपाण्याची मोरी. आणि दारं अशी काढलेली की एकही दुसऱ्याच्या समोर येत नाही.

सुताराला म्हटलं, 'तलावाकडे नको, केळीकडे काढ.'