दार कोणतंही असो, कडी हवी

सार्वजनिक स्वच्छतागृहाला बहुधा दोनच दारं असतात. ट्रान्झिशनच्या काळात, म्हणजे जन्मावेळी लागलेला शिक्का पुसून स्वतःला जाणवणाऱ्या लिंगानुसार जगू लागताना, त्यातलं कोणतं आपलं हे रोज नव्याने ठरवावं लागतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचा आवाज काही महिन्यांत फुटू लागतो. दाढी भरायला मात्र काही वर्षं जातात. मधल्या काळात बायकांच्या बाजूला आवाज नडतो, पुरुषांच्या बाजूला चेहरा.

मग सोपा वाटणारा उपाय म्हणजे पाणीच कमी प्यायचं. अमेरिकेत 2015 साली 27,715 ट्रान्स व्यक्तींची पाहणी झाली. सार्वजनिक स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून आधीच्या वर्षभरात खाणंपिणं आवरतं घेतल्याचं त्यातल्या 32 टक्के जणांनी सांगितलं. लघवी अडवून धरल्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा त्रास झालेले 8 टक्के होते. ट्रान्स स्त्रियांची आणखी एक पंचाईत असते. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखण्यासाठी काहींना स्पायरोनोलॅक्टोन दिलं जातं आणि हे औषध मुळात लघवी वाढवणारं आहे. गोळी घ्यायची आणि पाणी तोडायचं, हे शरीराला झेपत नाही.

भारतात कायद्याने हा प्रश्न दोन वेगवेगळ्या वाटांनी हाताळला. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या एप्रिल 2014 च्या ‘नाल्सा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. 2017 मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र स्त्री किंवा पुरुष, हवं त्या बाजूचं स्वच्छतागृह वापरण्याची मोकळीक दिली. स्वतंत्र स्वच्छतागृहात हिजडा समाजातल्या अनेकींना सुरक्षित वाटू शकतं. पण ऑफिसात कुणालाही न सांगता ट्रान्झिशन करणाऱ्याने त्या दारात पाऊल टाकलं की सगळ्या मजल्याला बातमी. दिल्ली मेट्रोने 2021 मध्ये अपंगांसाठीची स्वच्छतागृहं ट्रान्स प्रवाशांनाही खुली केली. एका वेळी एकच माणूस आत जात असल्याने तिथे स्त्री-पुरुष हा वादच उरत नाही.

दाराच्या आत गेल्यावरचे प्रश्न साधे, पण रोजचे. टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर पाळी थांबायलाही बहुधा काही महिने लागतात आणि पुरुषांच्या बाजूला पॅड टाकायला कचऱ्याचा डबा क्वचितच असतो. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून बॅगेतून घरी न्यावं लागतं. काही ट्रान्स पुरुष उभ्याने लघवी करता यावी म्हणून नरसाळ्यासारखं साधन वापरतात, पण ते धुवायला आतच नळ लागतो. ट्रान्स स्त्रियांच्या बाबतीत, योनीनिर्मितीच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला लघवीची धार वाकडीतिकडी जाते. अशा वेळी बसायची सोय आणि जेट स्प्रे हवाच.

पैशांचाही हिशेब आहे. पैसे घेऊन चालवल्या जाणाऱ्या अनेक स्वच्छतागृहांत पुरुषांना मुतारी फुकट असते आणि संडासाचे पैसे पडतात. बायकांना लघवीलाही पैसे का, असा सवाल मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेने केला होता. बंद दाराशिवाय लघवी करता न येणाऱ्या ट्रान्स पुरुषालाही तेच पैसे दर खेपेला मोजावे लागतात.