अण्णांना काम कसं सापडलं

धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, मुरुडहून पायी, घाट चढून साताऱ्याला परीक्षेला गेले. वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यांना बसूच दिलं नाही. पुढे नेटाने शिकून 1891 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई गेल्या.

बिजवराला तेव्हा कुमारिका सहज मिळे. पण कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, त्याची झळ आईलाही लागली. मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एका लग्नाने प्रश्न सुटत नाही हे त्यांनी ओळखलं. विधवांना शिक्षण हवं होतं. म्हणून 1896 मध्ये विधवांच्या आश्रमाची संस्था निघाली, मग हिंगण्याला आश्रम, आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. वर्गणीसाठी अण्णा म्हातारपणीही दारोदार फिरले.